जामाच्या झाडातला डबा

सिस्टर बोलता बोलता दोरी ओढायच्या. मान वळवायच्या नाहीत, वाक्यही तोडायच्या नाहीत. डावा हात खाटेच्या कडेला जायचा, दोरीला एक हिसका बसायचा आणि मागच्या अंगणात जामाच्या झाडात डबा खडखडायचा. राघूंचा थवा ओरडत उडायचा. "एकेकानं या म्हणलं तर ऐकतच न्हाईत," एवढं म्हणून त्या पुन्हा आपल्या विषयावर यायच्या.

जाम म्हणजे पेरू. हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावात पेरू कुणी म्हणत नाही. डबा गोडेतेलाचा, रिकामा, आत तारेला बांधलेला एक जाड नट. त्याची दोरी झाडावरून पडवीच्या पत्र्याखालून यायची आणि खिडकीतून थेट त्यांच्या खाटेपर्यंत. तुमच्याही ओळखीत कुणाच्या तरी परसात असला एखादा डबा असेल.

"एकेकानं या" हे वाक्य मुळात पाखरांसाठी नव्हतं. सिस्टर आमच्या भागात नर्स होत्या. लस द्यायच्या दिवशी बायका लेकरं घेऊन दारात गर्दी करायच्या, तेव्हा त्या उंबऱ्यात उभं राहून हेच म्हणायच्या. मलाही त्यांनीच टोचलं होतं, असं आई सांगते. नोकरी संपली तशी गर्दी गेली, वाक्य तेवढं राहिलं. ते मग राघूंना, साळुंक्यांना लागू झालं. सगळा गाव त्यांना सिस्टर म्हणायचा. मी शेजारची म्हणून मावशी म्हणायचे. आमच्या घरी अभ्यासाला जागा नव्हती. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे अशी जागा लागते हेही कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सिस्टरांच्या आलं. त्यांच्या खिडकीपाशी बसून मी बारावी केली आणि आता बी.ए. करतेय.

त्या खिडकीतून पाखरं बदलत गेलेली मी पाहिली. पाहिली म्हणते, पण खरं तर ते उशिरा कळलं. मी लहान होते तेव्हा पडवीच्या वाशांत चिमण्या असायच्या. सिस्टर त्या पडवीला बाळंतपणाचा वॉर्ड म्हणायच्या. आजूबाजूला स्लॅबची घरं होत गेली आणि चिमण्या कमी होत गेल्या. केव्हापासून, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. आलेलं पाखरू दिसतं, न आलेलं कसं दिसणार? राघूंचा थवाही विरळ झाला. कशामुळे, ते मला ठाऊक नाही. साळुंक्या टिकून राहिल्या. शेजारच्या दुमजली घरावर पारवे आले. एका वर्षी तर शेतातून मोर आला आणि मिरचीच्या वाफ्यात उभा राहिला. सिस्टरांनी दोरी ओढली. मोरानं मान तिरकी करून डब्याकडं पाहिलं आणि मिरची खाणं चालू ठेवलं.

"याला काहून भीती वाटत न्हाई?" मी विचारलं.

"सरकारी पाखरू हाय ते," सिस्टर म्हणाल्या. "त्याला कोण हात लावतंय?"

जास्वंदावर मात्र एक नवंच बारकं पाखरू येऊ लागलं. अंगठ्याएवढं, उन्हात निळं, सावलीत काळं, चोच लांब आणि वाकडी. मादी भुरकट पिवळी. फुलात चोच घालून ते रस ओढायचं. सिस्टर औषधाच्या बाटलीतून सुईनं औषध ओढायच्या, तसंच. त्यांनी मादीचं नाव ठेवलं इंजेक्शनवाली.

डबा वाजणं हळूहळू कमी झालं. एकदा त्या दोरी हातात धरून नुसत्याच बसल्या होत्या. म्हणाल्या, "हाकलायला तरी यायला पाहिजेत ना, पोरी."

मागच्या हिवाळ्यात न्हाणीत पाय घसरून त्यांचा खुबा मोडला. नांदेडला ऑपरेशन झालं. मुलगा तिथंच नोकरीला, चौथ्या मजल्यावर फ्लॅट. त्यानं सांगितलं, आता इथंच राहायचं. सिस्टर म्हणाल्या, मी माझ्या घरी जाणार.

"तिथं एकटी पडलीस तर कुणाला हाक मारशील?"

"डबा हाय ना."

मुलाला आधी ती थट्टा वाटली. पण ती सोय खरोखर चांगली होती. आमच्या घरात मोबाईल दोनच, एक बाबा जीप चालवतात त्यांच्याबरोबर आणि एक माझ्याबरोबर कॉलेजात. डबा मात्र आमच्या स्वयंपाकघरात बराबर ऐकू यायचा. एकदा वाजला तर पाणी, दोनदा वाजला तर हातातलं टाकून पळायचं, असं आईनं ठरवून घेतलं. मायलेकांतही एक ठरलं. ज्या दिवशी दोरी ओढून कुणी आलं नाही, त्या दिवशी नांदेड.

असं बरेच दिवस नीट चाललं. मग माझी परीक्षेआधीची सुट्टी लागली. मी दिवसभर त्यांच्याकडेच असायचे, त्यामुळे दोरी ओढायची वेळच येत नव्हती. एका सकाळी सिस्टर म्हणाल्या, "माझ्या दोरीला काय लागलंय बघ."

पडवीच्या पत्र्याखाली दोरीला कोळ्याच्या जाळ्याचा एक पुंजका चिकटला होता. "काढू का?" मी विचारलं.

"थांब."

इंजेक्शनवाली आली. चोचीतली वाळक्या पानाची काडी तिनं त्या पुंजक्यात खोवली आणि गेली. पुढच्या काही दिवसांत तिथं लोंबती पिशवी तयार झाली, बाजूला दार आणि दारावर चक्क छोटी पडवी. मी मोबाईलवर शोधून सांगितलं, "मावशी, याला शिंजीर म्हणतात."

"म्हणू दे. आपल्याकडं इंजेक्शनवाली म्हणतात."

"पण आता दोरी?"

"दोरी कुठं राहिली? ती खाट झाली आता. बाळंतिणीची खाट कुणी हलवतं काय?"

दुसरी दोरी बांधायची तर शिडी नेमकी घरट्याच्या तोंडाशी लागणार होती. ती त्यांनी लावू दिली नाही. मी शिट्टी आणते म्हणाले, तर "मी काय कंडक्टर हाय?" शेवटी ताट आणि त्यावर वाजवायला वेळणी, म्हणजे झाकणी, ठरली. ताट वाजलं की आईला ऐकू जायचं. नांदेडला यातलं काही कळवायचं नाही, असंही ठरलं. तसं कुणी बोललं नाही, पण ठरलं.

माझा पेपर हिंगोलीला होता. ऊन फार, म्हणून आईनं कूलर लावला होता. सिस्टरांनी ताट वाजवलं. थांबून पुन्हा वाजवलं. कूलरच्या घरघरीत आईला काही ऐकू आलं नाही. दोरीचं टोक खाटेला बांधलेलं होतं, हाताजवळ. ते तसंच ठेवून त्या वॉकर धरून उठल्या आणि मधल्या दारात पडल्या. आई चहा घेऊन गेली तेव्हा त्या फरशीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मनगट सुजलं होतं.

"बाई, दोरी काहून न्हाई ओढली?"

"ती आत बसून होती."

आईनं नंतर मला सांगितलं, "मला वाटलं घरात कोणी बाई येऊन बसली. मी सगळीकडं बघून आले."

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. हाड मोडलं नव्हतं, तरी तो मनगट पुन्हा पुन्हा तपासत राहिला. मग म्हणाला, "आई, आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं, दोरी ओढून कोणी न्हाई आलं तर. म्या ओढलीच न्हाई."

त्याला हसू आलं, पण ते टिकलं नाही. "हे तर जास्त वाईट आहे ना, आई."

 वादात सिस्टर कधी हरायच्या नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "व्हय. बराबर हाय तुझं." मग खिडकीतून घरट्याकडं बघून, "पिल्लं उडू दे. मग येते."

तोवर आईनं आपलं निवडण-टिपण त्यांच्याच खोलीत नेलं. माझे पेपर संपले, मीही तिथंच. घरट्याच्या दारात दोन चोची दिसू लागल्या. सिस्टर रोज सकाळी विचारायच्या, "गेली का?" मी नाही म्हणायचे. "घाई न्हाई," त्या म्हणायच्या आणि चहा मागायच्या.

पिल्लं उडाली ती एका सकाळी, आई पाणी भरायला आणि मी दुकानात गेले असताना. पाहिली फक्त सिस्टरांनी. त्या गप्प बसल्या असत्या, तर आम्हाला आणखी काही दिवस कळलंही नसतं. मी परत आले तेव्हा त्या फोनवर बोलत होत्या. "गेली. ये गाडी घेऊन."

गाडी आली. मुलगा आणि बाबा त्यांना खुर्चीसकट उचलणार होते. आई आमच्या घरी वाटेसाठी भाकरी करत होती. सिस्टर मुलाला औषधांची पिशवी कुठं आहे ते सांगत होत्या आणि सांगता सांगता त्यांचा डावा हात खाटेच्या कडेला गेला. रिकामं घरटं हललं. डबा खडखडला, एकदा, मग पुन्हा. झाडातल्या साळुंक्या उडाल्या.

आई धावत आली. दोन्ही हात पिठानं भरलेले. "काय झालं, बाई?"

"काही न्हाई. येतीस का बघितलं."

आई पिठाचे हात तसेच धरून दारात उभी राहिली.

आता नांदेडहून त्यांचा फोन येतो. तिथल्या गॅलरीत पारवेच असतात म्हणे. "यांना सांगावं लागत न्हाई, आपोआप लाईनीत बसतात," असं म्हणाल्या. त्यात कौतुक होतं की तक्रार, ते मला ओळखता आलं नाही. यंदा जामावर थोडे राघू आले, असं मी कळवलं. "मग हाकल की," त्या म्हणाल्या. मी हो म्हणाले. पण अजून दोरीला हात लावलेला नाही.

वारा सुटला की डबा आपोआप वाजतो. एकदा वाजला तर आई नुसती मान वर करते. दोनदा वाजला की हातातलं टाकून उठते, दारापर्यंत जाते आणि मग परत येऊन बसते.