आंदोलनात अडकलेले सोळंके सर

आमच्या पिक्चरचं एडिटिंग अजून रखडलंय, पण किस्से कधीचेच तयार आहेत! चार जण चहाला जमलो की कुणीतरी म्हणतंच, "तो बसमधला सांग ना." एक सांगेपर्यंत दुसरे दोन आठवतात. म्हटलं, उतरवून तरी काढावेत.

आधी पिक्चर सांगते. पवनदादा भोकरदनचा, लग्नांचं शूटिंग करतो. हा त्याचा पहिला पिक्चर. एक माणूस भावाच्या अस्थी घेऊन गोदावरीला निघतो आणि वाटेत सरकारविरुद्धच्या उठावात अडकतो. शेवटी जमाव त्याला अडवून विचारतो, "कोण आहे यात?" तो म्हणतो, "माझा भाऊ." आणि पिक्चरभर कोरडा राहिलेला तो माणूस तिथं मोडतो.

तो माणूस म्हणजे आष्टीचे सोळंके सर. शाळेत मराठी शिकवतात, नाटकं बसवतात. मागच्या वर्षी त्यांच्या पत्नी, लताकाकू गेल्या. त्यानंतर सरांच्या तोंडून काकूंचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. सर रोलला हो म्हणाले तेव्हा आम्ही अक्षरशः नाचलो! पण आतून सगळ्यांना एकच धाकधूक होती, शेवटच्या सीनपर्यंत सर टिकतील का? सर उठून गेले की पिक्चर गेला.

*

माझं काम क्लॅपचं. आता मी अशी, की कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. पहिल्या दिवशी "टेक वन" म्हणून क्लॅप वाजवला आणि स्वतःच किंचाळले! ती किंचाळी ऐकून पलीकडच्या शेतातला माणूस काठी घेऊन धावत आला, साप निघाला का म्हणून. त्याला सगळं समजावून सांगितलं. तो गेला नाही, कडेला बसून राहिला. म्हणाला, "पोरगी अजून ओरडंल. बसतो हितंच."

*

अस्थिकलश आणायचं कामही माझंच. नवीन जालन्यातून तांब्याचा कलश घेतला, लाल फडकं बांधलं आणि भोकरदनच्या एसटीत बसले. गर्दीत मोबाईल चोरीला जाईल ही भीती होतीच. म्हणून मोबाईल टाकला कलशात!

मंग काय, गाडीतली माणसंच बदलली. एका काकांनी खिडकीची जागा दिली. मोबाईलवर जोरात व्हिडिओ बघणाऱ्याने आवाज बंद केला. शेजारच्या मावशींनी मोसंबी सोलून माझ्या तोंडात फोड घातली, पाठीवरून हात फिरवला. खरं सांगायची हिंमतच होईना. डोळ्यात पाणी आलं ते भीतीचं, पण मावशीही रडायला लागल्या.

आणि कलश वाजायला लागला. आईचा फोन!

आख्खी गाडी कलशाकडे बघून राह्यली होती. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता थांबले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "उचला ताई, तिकडून काही निरोप असंल."

*

दंगलीचा पहिला शॉट. चाळीसेक माणसं, हातात काठ्या, तोंडाला फडकी. पवनदादाला वर्षानुवर्षांची सवय. कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणाला, "मागचे थोडे जवळ या. हां. स्माईल."

सगळ्यांनी फडकी खाली केली आणि हसले!

*

घोषणांचा किस्सा तर कहरच. लिहून दिलेल्या घोषणा गावकऱ्यांच्या जिभेवर बसेनात. पवनदादा म्हणाला, तुम्हाला ज्याचा खरंच राग येतो ते बोला. दुसऱ्या मिनिटाला आख्खा जमाव एका सुरात, "डीपी बदलून द्या!" गावातला विजेचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळून कधीचा पडला होता, विहिरींवरच्या मोटारी बंद. असला जोश, असला जोश, की मी रस्त्यावरून उठून गाडीमागं लपले!

कुणीतरी त्याचा व्हिडिओ पुढं पाठवला. वरून वीज मंडळाचे साहेब आले, हात जोडले, आणि सकाळी नवा डीपी बसला.

मंग दुसऱ्या दिवशीचं शूटिंग. "रागाने बघा" म्हटलं तर सगळे पिकाला पाणी देऊन खुशीत आलेले. पिक्चरमध्ये जमावाचा पुढारी झालेला गणपत म्हणाला, "आता कशाचा राग आनायचा, म्याडम? तुम्हीच सांगा एखादी अडचन."

*

इकडं सरांचं वेगळंच. बाकी सगळं एका टेकमध्ये. पण शेवटच्या सीनची तालीम लागली, "कोण आहे यात?" असं विचारलं, की सर म्हणायचे, "थांबा, पाणी पिऊन येतो," आणि लिंबाखाली जाऊन उभे राहायचे. तीनदा झालं. चौथ्यांदा पवनदादाने आधीच पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

सर बाटलीकडे बघत राहिले. म्हणाले, "मग चहा घेऊन येतो."

त्या रात्री पवनदादा जेवला नाही.

*

आणि आला तो दिवस. रस्ता भरलेला, कॅमेरा चालू. सर कलश छातीशी धरून येतात, जमाव त्यांना ढकलतो, गणपत अडवतो, असं ठरलेलं. सर आले. आणि जमाव आपोआप बाजूला झाला! कुणी हात जोडले, कुणी टोपी काढली. पवनदादा वैतागला. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. कलश रिकामा आहे म्हणून त्याने उघडून दाखवला.

गणपत म्हणाला, "असू द्या ओ रिकामा. त्यांनी धरलाय कसा ते बघा ना. असल्या मानसाला ढकलायचं म्हंजे..." आणि तो मागं सरला.

तिसरा टेक. गर्दीपलीकडे एक म्हातारी चाऱ्याचा भारा घेऊन थांबली होती. शूटिंग वगैरे तिच्या गावीही नव्हतं. तिने भारा खाली टाकला आणि सरळ सरांसमोर येऊन उभी राहिली.

"कोन गेलं रे, बाबा?"

सरांनी पाणी मागितलं नाही. चहाही नाही.

"लता."

आणि सर खालीच बसले, भर रस्त्यात. म्हातारीही शेजारी टेकली. किती वेळ गेला देव जाणे. पवनदादाचं कट काही येईना. मग तिनेच सरांच्या दंडाला धरून उठवलं आणि जमावाला म्हणाली, "वाट द्या रे यांना."

वाट झाली. सर निघाले. जिथं थांबायची खूण केली होती ती ओलांडून गेले, वळणाकडे. म्हातारीने मागं वळून मला बघितलं.

"उभी काय राह्यली, पोरी? एकटं नको जाऊ देऊ."

मी पळत सुटले!

तो शॉट पिक्चरमध्ये जसाच्या तसा आहे. सर लांब जाताना दिसतात आणि त्यांच्या मागं एक पोरगी धावते, पायात एकच चप्पल. एडिटिंग करणाऱ्याने विचारलं, ही कोण, काढून टाकू का?

पवनदादा म्हणाला, "राहू दे. त्यांच्या घरातली आहे."