बेटांवरचा देखणा ढग

साठीला टेकलेल्या थेमेलिनाला विजांचे फोटो काढायचं खूळ लागलं, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विनमधल्या तिच्या ग्रीक गोतावळ्याने ते गुडघेदुखीसारखंच समजून मनावर घेतलं नाही. येतं या वयात, जाईलही. शाळेच्या कँटीनमधून ती नुकतीच निवृत्त झाली होती. मुलगी मेलबर्नला गेली आणि जुना कॅमेरा मागे ठेवून गेली. त्यात नोव्हेंबरचा उकाडा. अंगाला चिकटलेली चादर, आणि नुसतंच गडगडून निघून जाणारं आभाळ. कुणी बायका अशा दिवसांत नवऱ्याशी भांडतात, कुणी कपाटं आवरतात. थेमेलिना कॅमेरा घेऊन नाइटक्लिफच्या कड्यावर जाऊन बसू लागली.

तिथे संध्याकाळी घडीच्या खुर्च्या टाकून निम्मं गाव वादळ बघायला जमतं. पहिल्या आठवड्यात थेमेलिनाने रस्त्यावरचा दिवा, स्वतःचा अंगठा आणि भरपूर काळोख टिपला. शेजारच्या खुर्चीतल्या गेलीनला हसू आवरेना. गेलीन सिटी बस चालवायची आणि आवाजही बसला साजेसा होता.

"वीज दिसली की मग बटण दाबतेस? ती काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"

"मग काय करू?"

"कॅमेऱ्याचं दार उघडं ठेवून बस. बटण दाबून ठेवायचं आणि वाट बघायची. आली तर आली."

हे वाट बघणं थेमेलिनाला जमलं. वडील मोत्यांसाठी बुडी मारणारे. आईने किनाऱ्यावर वाट बघण्यातच आयुष्य काढलेलं. फक्त थेमेलिना वादळाचीच वाट बघत होती, आणि तीन आठवड्यांत धड एक वीज हाती लागली नव्हती.

घरात मात्र ती हवामानतज्ज्ञ होऊन बसली. त्या शनिवारी दुपारी नवरा साकेलारिस पत्र्याची होडी गाडीला जोडत होता, तेव्हा त्याने हाक मारली, "ए वेधशाळा! जाऊ ना?"

तिने मोबाइलवर रडार पाहिलं. समुद्रापलीकडे तिवी बेटांवर रोजच्यासारखा ढग चढत होता. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा पांढराशुभ्र, देखणा.

"जा खुशाल. तो बेटांवरचा आहे, तिथेच बसेल. अंधार पडेपर्यंत काही येत नाही. येताना मासा आण, सबबी नकोत."

तो गेला. तिने गेलीनला फोन केला आणि दोघी गेलीनच्या गाडीतून कड्यावर आल्या.

थेमेलिनाने खुर्ची समुद्राकडे तोंड करून मांडली, कॅमेरा ढगावर लावला. ऊन कलतं होतं, ढग गुलाबी झाला होता. वारा साफ पडला. मग मानेला गार झुळूक लागली आणि मागून गेलीनचा आवाज आला.

"अगं, मागे बघ."

मागे जमिनीवर, झाडीच्या वरून, जांभळी भिंत सरकत येत होती. आतून विजा चमकत होत्या, आवाज अजून पोचत नव्हता.

"शिकाऊ माणूस त्या बेटावरच्या ढगावर भाळतो," गेलीन खुर्च्या गोळा करत म्हणाली. "येणारं असतं ते पाठीमागून. मीसुद्धा पहिल्या वर्षी... काय झालं?"

"साकेलारिस समुद्रात आहे," थेमेलिना म्हणाली. "मी पाठवलंय त्याला."

रडारचा समुद्राकडचा भाग तेवढा तिने मोठा करून बघितला होता. जमिनीकडे बोट सरकवलंच नव्हतं.

दोघी गाडीत शिरल्या. फोन लागेना. लागणार कसा, तो मोबाइल पिशवीत गुंडाळून बर्फाच्या पेटीखाली ठेवायचा. वारा सुटला, समुद्र शिसवी झाला, ढगाने उरलासुरला उजेड गिळला. गेलीनने सागरी बचाववाल्यांना कळवलं. थेमेलिना काचेला नाक लावून बसली होती. एकही दिवा दिसत नव्हता.

"कॅमेरा दे इकडे," गेलीन म्हणाली. "बटण दाबून धरलं की डोळ्यापेक्षा जास्त दिसतं त्याला." तिने काच खाली केली, दारावर टॉवेलची घडी ठेवली, त्यावर कॅमेरा टेकवला आणि गाडी बंद केली. "श्वास रोखून धर. हलायचं नाही."

पहिल्या फोटोत काळं पाणी. दुसऱ्यातही. विजा पाठीमागे पडत होत्या, फोटोत नुसता पांढरट धूर दिसे. तिसऱ्यात, उजव्या कोपऱ्यात, दोऱ्याचं टोक सुटावं तशी एक वाकडीतिकडी पांढरी रेघ.

थेमेलिनाने छातीवर क्रूस काढला. "जहाज असेल."

"जहाजाचा दिवा सरळ रेघ ओढतो. ही बघ कशी नाचतेय. लाटांवर आपटतेय कुणीतरी, छोटी होडी आहे." गेलीनने पुन्हा बटण दाबलं. चौथ्या फोटोत रेघ डावीकडे सरकली होती आणि जाड झाली होती. "होड्या सोडायच्या धक्क्याकडे येतेय."

"त्याचीच कशावरून?"

गेलीनने गाडी सुरू केली.

उतरत्या धक्क्यावर पोचल्या तेव्हा पावसाचे थेंब गारांसारखे लागत होते. पाण्यातून आधी दिवा आला, मग शिव्या आल्या. ग्रीकमध्ये, सविस्तर. थेमेलिनाने कित्येक वर्षांत इतकं गोड काही ऐकलं नव्हतं. ती चपला टाकून पाण्याकडे धावली.

"पाण्यात पाय घालू नकोस, मगरी आहेत!" तो ओरडला. "दोर धर! आणि काय गं, अंधार पडेपर्यंत काही येत नाही ना?"

"चुकलं माझं. तूसुद्धा वर बघायचं होतंस ना जरा!"

"वर तूच बघतेस हल्ली. माझा माणूस ठेवलाय मी त्या कामाला."

तिला हसू फुटलं आणि त्याच्या आतून रडू, आणि पावसात काही वेगळं ओळखू येईना. तिघांनी मिळून होडी त्याच्या गाडीमागच्या गाड्यावर ओढली. मासा एकही नव्हता. त्याने सबबही सांगितली नाही, तिने विचारलीही नाही.

मग वीज इतक्या जवळ कडाडली की तिघंही गेलीनच्या गाडीत कोंबले गेले. काचा धुरकटल्या. साकेलारिसचे दात वाजत होते. थेमेलिना मागच्या सीटवर त्याच्याकडे वळून बसली आणि टॉवेलने त्याचे कान, मान, डोकं खसाखसा पुसू लागली. लहान पोराचं पुसतात तसं.

तेवढ्यात समोरच्या समुद्रावर एक वीज उतरली. वरून खालपर्यंत, दहा फांद्या फुटलेली, सगळं पाणी उजळून टाकणारी.

"हे बघ! अगं बघ ना, थेमेलिना!" गेलीन किंचाळली. "सगळ्या मोसमात अशी पडली नव्हती! कॅमेरा कुठाय?"

"तुझ्या पायाशी," थेमेलिना मागे न वळता म्हणाली. "तू काढ. मान वाकव रे जरा, इथं अजून ओलं आहे."