केबलमधलं खोबरेल

ऑकलंडमधल्या सँडरिंगहॅमच्या घरून पहाटे निघालो तेव्हा माझ्या पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि खोबरेल तेलाची बाटली होती. “आई, दोन दिवसांसाठी तेल कशाला?” मुग्धा म्हणाली. मी ऐकलं नाही.

मुग्धा माझी लेक, ऑकलंडच्या एका हॉस्पिटलात नर्स. मी आल्यापासून पाच महिन्यांत तिला सलग दोन दिवस सुट्टी पहिल्यांदाच मिळाली होती आणि मंगळवारी माझं परतीचं विमान होतं. दक्षिण बेटावरच्या एका तळ्यापलीकडे एक किनारा आहे, तिथे फक्त बोटीनं जाता येतं. नवीन आली तेव्हा ती तिथे एकटीच बसून रडली होती म्हणे, आणि आईला इथे आणायचंच असं तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

विमानातून उतरून तीन तास गाडी. वाटेत एका डेअरीत (कोपऱ्यावरचं दुकान, नाव डेअरी, पण मिळतं सगळं) चहा घेतला. तळ्यावर पोहोचलो तर बोटवाला कॉलिन त्या गारठ्यात अर्ध्या चड्डीत उभा. वय सत्तरीचं. “किया ओरा,” (नमस्कार) म्हणाला आणि बोट दाखवू लागला. वेग कमीजास्त करायचा दांडा ओढताना करकरला. दांड्यापासून मागच्या इंजिनापर्यंत एक जाड केबल गेलेली. “म्हातारी झालीय, माझ्यासारखीच,” तो म्हणाला.

माझं शिवणयंत्र आणि दारांच्या बिजागऱ्या चाळीस वर्षं खोबरेलावर चालल्यात. मुक्काम त्याच्याच घरी होता, किनाऱ्यावर सकाळी जायचं होतं. संध्याकाळी बाटली गरम पाण्यात धरून तेल पातळ केलं, मुग्धाच्या डोक्याला चोळलं आणि उरलेलं धक्क्यावर जाऊन केबलच्या तोंडात सोडलं. दांडा लोण्यासारखा सरकला. कुणाला बोलले नाही. उपकार गुपचूप करावेत अशी माझी समजूत.

सकाळी सगळीकडे पांढरंशुभ्र दहिवर पडलेलं. कॉलिननं दांडा ओढला, तो हलेना.

“केबलमध्ये पाणी जाऊन गोठलंय. जोर लावला तर तुटेल,” तो म्हणाला. “माझीच चूक. थंडीआधी ग्रीस घालायला हवं होतं.”

मुग्धानं घड्याळ पाहिलं. संध्याकाळच्या विमानानं परतायचं होतं. खोबरेल थंडीत गोठतं हे मला कुणी सांगायला हवं होतं का? आदल्याच संध्याकाळी मीच ते पातळ केलं होतं. लेकीच्या एकुलत्या एका दिवसाची मी माती केली होती आणि तो भला माणूस दोष स्वतःवर घेत होता.

“त्यांना सांग, पाणी नाही. तेल आहे. मी घातलंय.”

मुग्धानं सांगितलं. कॉलिननं केबलच्या तोंडात बोट घातलं, पांढरा गोळा काढून हुंगला. “वास छान आहे,” तो म्हणाला. “स्वीट ॲज.” (काही हरकत नाही.) मग घरात जाऊन गरम पाण्याच्या दोन रबरी पिशव्या घेऊन आला. केबल शेकता शेकता अर्ध्या तासानं दांडा सुटला.

“पाण्यावर पुन्हा गोठेल. कुणीतरी केबल ऊबदार ठेवायला हवी.”

“मी धरते,” मी म्हटलं.

केबल धरायची तर इंजिनाकडे तोंड करून, बोटीच्या तळाशी बसावं लागलं. शालीखाली पिशव्या आणि केबल पोटाशी घेऊन मी बसले. समोर मागच्या बाकावर मुग्धा. डोंगर माझ्या पाठीमागे.

“आई, मागे बघ ना. हीप्स ऑफ स्नो (ढीगभर बर्फ) आहे.”

“तू बघ. मी वळले की पिशवी सरकते.”

तेलकट वेणी घालून, मोबाइल हातात घेऊन ती हसत होती. पाच महिन्यांत तिला इतकं निवांत मी पाहिलं नव्हतं. किनाऱ्याला लागलो तोवर ढग खाली उतरून डोंगर झाकले गेले होते. आम्ही दशम्या खाल्ल्या. कॉलिननं चटणी दोनदा मागून घेतली.

आता पुण्याला परत आलेय. शेजारच्या काकू विचारतात, “तिकडचे डोंगर कसे हो?” छान, म्हणते. मी ते पाहिलेलेच नाहीत. मुग्धानं तिथून काढलेले फोटो पाठवलेत, एकूण तेवीस. कोपऱ्यात थोडासा बर्फ दिसतो. तेवीसही फोटोंत मीच आहे, केबल पोटाशी धरून बसलेली.