सुरमई चांगल्या घरी द्यायची आहे

आता हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसणारच तुम्ही. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन अजून हसतो. पण चहा येईपर्यंत ऐका.

दिंडोशीला आमचं वन बीएचके. त्यात मी, माझी बायको मेधा आणि नऊ मांजरं. नऊ! कुणी गटारातून काढलेलं, कुणी रिक्षाच्या सीटखालून, कुणी पाय मोडलेलं. हॉलमधली खुर्ची मांजरांची, आतली खोली मांजरांची, माझी उशी तर केव्हाच गेली. माझ्या पॅंटवरचे केस बघून ऑफिसात साहेब विचारतात, "घोंगडी नेसून आलास का रे?"

आणि नावं? सगळी माशांची! बांगडा, मांदेली, बोंबील, सुरमई, हलवा... हाक मारली की वाटावं, मासळीबाजार भरलाय.

त्यात कणकवलीहून आई येणार होती, गुडघे दाखवायला. तिला आतली खोली द्यायची, म्हणजे तिथली मांजरं हॉलमध्ये. मेधाने निकाल दिला, "हॉलमध्ये सात मावतात. दोघांना रविवारपर्यंत चांगलं घर बघ. नाहीतर तू ओट्याखाली झोप."

"मीच का?"

"मांजरं ओट्याखाली झोपत नाहीत."

मग मी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. 'सुरमई आणि हलवा चांगल्या घरी द्यायचे आहेत. दोन्ही एकदम झकास. फुकट. रविवारी सकाळी घेऊन जाणे.' खाली दोघांचे फोटो जोडले. ते फोटो गेलेच नाहीत, हे मला कुठे ठाऊक? फोन चार्जिंगला लावून मी खुशाल अंघोळीला गेलो.

बाहेर येतो तर दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतकाकूंचा फोन.

"अरे, हलवा काळा आहे ना?"

"काळाकुळकुळीत, काकू."

"आणि सुरमई केवढीय?"

"साडेतीन किलो सहज भरेल."

"अगो बाई! गाभोळी असेल मग पोटात!"

गाभोळी म्हणजे माशाची अंडी, पण फोनवर खरखर होती हो. मला ऐकू आलं, 'गाभण'.

"छे छे काकू! ऑपरेशन करून पोटातलं सगळं काढून टाकलंय."

"म्हणजे साफ करूनच देतोस? गुणी रे बाबा माझा! आमचे हे सुरमईवर नुसता जीव टाकतात."

माझे डोळे भरून आले. इतकं प्रेमळ घर शोधून सापडलं नसतं! म्हटलं, "रविवारी चालेल ना?"

"रविवारीच तर हवी!"

ग्रुपवर पाहतो तर ही रांग. 'मला पण.' 'आम्हालाही ठेवा.' एकाने लिहिलं, 'आम्हाला अर्धी चालेल.' अर्धी? मला वाटलं, दोन घरं मिळून सांभाळणार असतील. तुम्हाला हसू येतंय, पण त्या क्षणी मी मुंबईतल्या शेजारधर्मावर खूश होतो.

रविवारी नऊला बेल वाजली. दार उघडलं तर जिन्यावर खालपर्यंत माणसं! कुणाच्या हातात डबा, कुणाच्या पिशवी. सगळ्यांत पुढे सावंतकाकू, हातात भलंमोठं पातेलं. मी सुरमईला कडेवर घेऊन आलो.

"घ्या काकू. पोटाखाली हात घालून उचला, म्हणजे ओरबाडत नाही."

"अरे, ते मांजर बाजूला कर आधी! सुरमईला तोंड लावेल!"

"काकू, हीच सुरमई."

"आणि हलवा?"

हलवा तेवढ्यात बाहेर आला आणि काकूंच्या पातेल्यात डोकावला. काळा होताच. पुढच्यांनी आपापले डबे हळूच बंद केले. फक्त मागून देसाई ओरडले, त्यांना पुढचं दिसत नव्हतं, "डोकं मला हं! कढीला!"

नेमकं तेवढंच मेधाने ऐकलं.

"डोकं? कुणाचं डोकं?"

"सुरमईचं," देसाई भोळेपणाने म्हणाले.

वाट लागली! मेधाने सुरमईला माझ्याकडून हिसकावून घेतलं आणि अख्ख्या जिन्याला झापायला सुरुवात केली. त्या गोंधळातच खालून पाटी घेऊन आमची नेहमीची कोळीण मावशी चढत आली. घामाघूम.

"काय रं दादा, माझे पोटावर पाय देतंस? सगली बिल्डिंग सांगते, आज म्हावरं नको, वर फुकट मिलतंय!"

खरं सांगतो, तिथे मला मनापासून लाज वाटली. मी तिची सगळ्यांत मोठी सुरमई घेतली. बाकीची पाटी रांगेने तिथेच जिन्यात संपवली, माझ्याकडे डोळे वटारून बघत. जाताना मावशीने आमच्या सुरमईला एक मांदेली टाकली आणि मला म्हणाली, "हिला कुनाला देव नको हां."

दार लावलं आणि मी मेधावर उखडलो. "असली नावं ठेवल्यावर दुसरं काय होणार?"

"नावं कुणी ठेवली?"

मीच ठेवली होती. ती बिचारी राणी नि काळू म्हणत होती, मलाच हुशारी सुचली होती.

एकही मांजर गेलं नाही. दुपारी आई आली. तिच्यासाठी दोन तुकड्या तळून ओट्यावर झाकून ठेवल्या आणि खाली मी मुकाट्याने माझं अंथरूण घातलं. आई लंगडत स्वयंपाकघरात आली.

"सुरमईचो वास येता रे. खंय आसा?"

मी वर पाहिलं. झाकण खाली पडलेलं, ताटली चाटूनपुसून लख्ख.

"आई, सुरमई सुरमईने खाल्ली."

"आणि ह्या हांतरूण ओट्याखाली कोणाचा?"

"माझं. मांजरं ओट्याखाली झोपत नाहीत ना."

आईने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग मेधाचा हात धरून हळूच म्हणाली, "सूनबाई, माझे गुडघे रवांदेत. पयलां ह्याका दाखव खंयच्या तरी डॉक्टराक."