ए, ॲन आणि सावलीला बसलेला माणूस

आळेफाट्याजवळच्या एका इंग्रजी शाळेत मी सहा वर्षं ए आणि ॲन शिकवते आहे. ॲन अंब्रेला, पण ए युनिव्हर्सिटी. अक्षर बघू नका, उच्चार ऐका. एवढं मुलं दोन दिवसांत शिकतात. ए कुठे आणि द कुठे, इथे मात्र भल्याभल्यांची दांडी उडते. मी ते मेंढरांवरून शिकवते. माझा तो धडा पार जुन्नरपर्यंत गाजलाय म्हणे. गाजू दे मेला. मला त्याची चीड येते, आणि त्याहून माझी स्वतःची.

नोकरीसाठी नमुना पाठ द्यायचा होता, तेव्हा वडील सोबत आले होते. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. "दादा, तुमी बाहेरच थांबा," मी म्हणाले. ते वर्गाच्या खिडकीखाली लिंबाच्या सावलीत टेकले.

पाचवीचा वर्ग. मागच्या बाकावर संस्थेचे अध्यक्ष आणि मुख्याध्यापिका. पुस्तकातली सगळी उदाहरणं देऊन झाली, मुलं ढिम्म. तेव्हा मला घरचं बोलणं आठवलं. आमच्यात 'एक मेंढरू हरवलं' असं कुणी म्हणत नाही. संध्याकाळी कळप आला की वडील मोजत बसत नाहीत, नुसती नजर फिरवतात आणि म्हणतात, "कानफाटी न्हाई आली." मी मुलांना सांगितलं, वाटसरूला दिसते ती ए शीप. धन्याला दिसते ती द शीप. मुलं हसली आणि धडाधड वाक्यं सांगायला लागली.

अध्यक्ष खूश झाले. "मॅडम, मेंढरांचं एवढं कसं ठाऊक? घरी आहेत की काय?"

खिडकी उघडी होती. मला माहीत होतं.

"छे हो सर. कुठेतरी वाचलं होतं."

नोकरी तिथल्या तिथे पक्की झाली. मुख्याध्यापिका मला फाटकापर्यंत सोडायला निघाल्या. वाटेत लिंबाखाली शिपाई वडिलांना हटकत होता, "आबा, कुनाकडं आलाय?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मग शिपायाकडे.

"कुनाकडं न्हाई राव. सावलीला बसलोय जरा."

मुख्याध्यापिका शाळेच्या साडीचा रंग सांगत होत्या. मी हो हो करत वडिलांसमोरून चालत गेले, थेट स्टँडपर्यंत.