इहिणींचं स्वेटर

ट्रंक उघडताच डांबरगोळ्यांचा वास आला आणि लेकीचं पहिलं पिवळं स्वेटर हाती लागलं.

तेव्हा मी केनवडला माहेरी बाळंतीण. मालेगावहून आलेल्या सासूबाईंनी आईच्या विणकामात उलट्या टाक्यांची एक ओळ घातली. आई पुढची सुलटी ओळ विणू लागली, तर टाके पिळले.

"इहीनबाई, तुमचे टाके पाठ फिरवून कायले बसले वो?"

पण सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मी धागा दुसऱ्या अंगानं घेतो. तुमी सुई मांगून घाला."

आईनं तोंड वाकडं करत घातली. टाका सरळ बसला! दोघी इतक्या हसल्या की बाळ जागं झालं. पुढं उलट्या ओळी सासूबाईंच्या, सुलट्या आईच्या.

आता लेक गरोदर आहे. सुया घेऊन विचारते, "आई, उलट्या टाक्याला धागा कोणत्या अंगानं घेऊ?"

"थांब जराशी. माह्या इहिणीले येऊ दे."