पिकअपवरचे दोन अँटेना

शिरपुरात माझं वायरलेस दुरुस्तीचं दुकान आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर मोबाइलला रेंज नाही, म्हणून तिथले पेशंट आणायला आमच्या मंडळाने पिकअप घेतली. चालवणार माझा थोरला भाऊ. परवाना आल्यावर तिच्यात दोन वायरलेस सेट बसवायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. एक सेट दुकानाशी बोलायला, दुसरा पाड्यावरच्या वॉकीटॉकींशी.

अँटेना शेजारी शेजारी असले की एका सेटवर बोलताना दुसरा बहिरा होतो. म्हणून एक टपाच्या मधोमध आणि दुसरा पार मागे लावायचा होता. दोन्हींच्या वायरींसाठी पत्र्याला भोक लागणार होतं. मी ड्रिल उचललं तसा भाऊ आडवा आला.

"नवी गाडीले भोक पाडू नको. श्रावणमा कानबाईना म्होरे पूजा होऊ दे, मंग पाड."

कानबाई देवीपुढे आमच्या घरात कोणाचं चालत नाही, आणि भावापुढे माझं तर कधीच चाललं नाही. दोन्ही अँटेना टपाच्या कॅरिअरला वीतभर अंतरावर आवळले आणि वायरी खिडकीतून आत घेतल्या. तात्पुरतं म्हणून.

आषाढातच एका पाड्यावरची बाई बाळंतपणात अडली. भाऊ तिला घेऊन निघाला. दुपारी मला नाल्याअलीकडच्या गावातून फोन आला, नाल्यावरची फरशी, म्हणजे तिथला बुटका पूल, वाहून गेली. दुसऱ्या रस्त्याला वळायचा फाटा अजून भावाच्या पुढे होता. मी माइक उचलला.

"भाऊ, फाट्यावरून वळ. फरशी गेली."

तेच तीनदा सांगितलं. थोड्या वेळाने त्याचाच आवाज आला, "आम्ही येत शेत, दवाखानामा सांगी ठेव." त्याच्या आवाजामागे बाईचा नवरा सारखा बोलत होता. त्याने दुसऱ्या सेटच्या माइकचं बटण दाबून धरलं होतं, म्हणून भावाचा सेट बहिरा झाला होता. बटण सोडलं की पाड्याशी बोलणं तुटेल अशी त्या बिचाऱ्याची समजूत असणार, कारण त्याचं बोलणं थांबतच नव्हतं. मी मात्र घसा बसेपर्यंत ओरडत होतो. इतका राग मला कधी आला नव्हता, आणि तो काढायला समोर कोणी नव्हतं.

"फरशी नही शे," भाऊ म्हणाला. "आते काय करू? बोल ना."

मी बोलत होतो. त्याचं "बोल ना" पुन्हा पुन्हा येत राहिलं.

तो मागे फिरून फाट्याने आला, पण उशीर झाला. बाई वाचली. बाळ गाडीतच गेलं.

संध्याकाळी भाऊ दुकानात येऊन स्टुलावर बसला.

"तू गुपचूप का बशी ऱ्हायना?"

"मी बोली ऱ्हायंतू, भाऊ."

त्याने होकारार्थी मान हलवली. लहानपणी मी खोटं बोललो की आईसमोर मला सांभाळून घ्यायला तो अशीच मान हलवायचा.